भांड्यांची वही

पाडायच्या आदल्या दिवशी इंजिनियर आला, कोवळा पोरगा,
हेल्मेट काखेत. म्हणाला, मावशी, आत सामान किती?
मी वही पुढे केली.
पितळी पातेली नऊ. पराती चार.
कढया दोन, एकीचा कान तुटका.
वरणाच्या बादल्या एकोणीस.
वीस होत्या. विसावी शेनफडू महाजनाच्या
थोरल्या पोरीच्या लग्नात गेली.
लग्न मोडलं, बादली आली नाही.
दोन्हीबद्दल मी त्या घरी कधी विचारलं नाही.

प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं.
कै. झिपरू उखा महाजन यांचे स्मरणार्थ –
जिवंतपणी या माणसाने कुणाला अर्धा कप चहा पाजला नाही,
मेल्यावर मात्र त्याच्या पातेल्यात
तीस वर्षं गल्लीचं वरण शिजलं.

आमचं समाजमंदिर काय होतं ते सांगून ठेवते,
नाहीतर पुढचे लोक उगाच रडतील.
वर सोळा पत्रे. एरंडोलच्या मे महिन्यात
खाली बसलेला माणूस बट्टीसारखा भाजून निघायचा.
पंखा एकच, तो नवरदेवाचा.
पत्र्याखाली कबुतरं; अक्षता पडायच्या आधी
वरून दुसरंच काही पडायचं.
पोलिओचा डोस तिथंच, तेरावं तिथंच,
घरकुलाची यादीही तिथंच वाचली,
आणि तिथंच फाडली.

बैठकीत पुरुष बोलले.
तोताराम आप्पा म्हणाले, खांब सातपुड्याच्या सागाचे आहेत,
असा साग आता बघायला मिळायचा नाही.
त्यांचे डोळे भरले.
कुणी म्हणालं, माझं लग्न इथंच लागलं.
कुणी म्हणालं, माझंही.
मी मागे चपलांजवळ बसले होते. उठले.
म्हटलं, माझंही इथंच लागलं, आप्पा.
आणि अंगावर ओली हळद, डोक्याला बाशिंग,
दोन नणंदांनी धरलेल्या चादरीआड
अंजनीच्या काठाला बाभळीमागे मी बसले होते.
वरून बँडवाल्याची पोरं बघत होती.
तुमच्या सागाच्या मंदिरात
बायास्नी कथा जावानं?

कुणीतरी खोकलं.
आप्पांनी पंख्याकडे पाहिलं.
ठराव त्याच दिवशी झाला.

आता दोन मजले आहेत. नाव एवढं लांब
की पाटी दोन ओळींत लिहावी लागली.
उतार आहे चाकाच्या खुर्चीला,
वर अभ्यासिका, एसी, कॅमेरे.
फरशी अशी की पहिल्याच लग्नात करवली घसरली.
बायकांचे संडास चार.
उद्घाटनाची फीत कापत होते तेव्हा मी आत होते,
चारही कड्या लावून पाहत.
चौथी बसत नव्हती.
त्याच मिस्त्रीला त्याच दिवशी परत बोलावलं.

पण गोवऱ्यांचा धूर चालत नाही म्हणतात,
भिंती काळ्या होतात.
म्हणजे बट्टी नाही. जेवण ठेकेदाराचं,
बुकिंग मोबाईलवर, डिपॉझिट वेगळं,
बाहेरची भांडी नकोत.
मोडीवाला काटा घेऊन दारात उभा राहिला.
नाव वाचत नव्हता, नुसतं उलटं करून ठोकत होता.
मी वही काढली आणि त्याला जा म्हटलं.
दोन दिवस पोरांकडून घरोघरी पोचवलं,
ज्याचं त्याला.
काहींनी ओळखलं नाही. काहींनी दारातच पाणी भरलं.
विसाव्या बादलीच्या घरासमोरून
मी नुसती गेले.
एक म्हातारी आतून म्हणाली, थांब व माय,
आणि बादली घेऊन बाहेर आली.
घासलेली होती.
वहीत खूण करायला माझ्याकडे पेन नव्हतं.

झिपरूचं पातेलं तेवढं उरलं. पोरगा सुरतला,
फोन उचलत नाही.
अभ्यासिकेतला एसी दुसऱ्याच महिन्यात गळायला लागला,
तेव्हा ते त्याच्या खाली ठेवलं.
परीक्षेची पोरं थेंब ऐकत वाचतात.
परवा एकाने विचारलं,
मावशी, हा झिपरू उखा कोण?
म्हटलं, कंजूस होता.
पातेलं भरलं की ओतून ये.