मांजऱ्या

मेमध्ये एकदा, ऑक्टोबरात एकदा
टेप घेऊन मी या विहिरीवर येतो.
पाणी किती खाली गेलं, तेवढंच लिहायचं.
रकाना बोटभर.

यंदा खोलीकरण चाललेलं.
दुर्गप्पा धोत्रे म्हणाला, उतरा की साहेब,
वरून हीर दिसत न्हाई,
नुसतं भोक दिसतं.

उतरलो.
आधी काळी माती, पुरुषभर,
भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत गिळणारी.
तिच्याखाली चुनखडीचे खडे, चिकट, पांढरट.
मग मुरूम.
दुर्गप्पानं चिमटीत कुस्करून दाखवला:
"खडक बी कुजतो. फकस्त घाई करत न्हाई."

मग मांजऱ्या.
अंगभर फोड, आणि फोडाफोडात
पांढरं काही गोठलेलं;
लाव्हा उकळत होता तेव्हाचा वारा
बाहेर पडायला निघाला, आणि राहिला.
नदी मांजरा, दगड मांजऱ्या,
कुणाचं नाव कुणाला? मी विचारलं.
"म्हाईत न्हाई. पण दोघं बी
धराया गेलं की बोचकारत्यात."

त्याच्याखाली वीतभर लाल पट्टा.
इथला गेरू त्याची बायको नेते,
चुलीमागची भिंत सारवायला.
मी सांगितलं, एक थर निवला,
त्यावर ऊन पडलं, पाऊस पडला, माती झाली,
काही उगवलंही असेल,
मग वरून दुसरा थर आला आणि सगळं भाजलं.
"म्हंजी वीटभट्टी."
हो. वीटभट्टीच.
किती वर्षं असतील या वीतभरात?
हजारो, म्हणालो.
आम्ही हजारो म्हणतो
तेव्हा आम्हाला माहीत नसतं.

वर पायऱ्यापायऱ्यांचा बालाघाट,
माथा सुरीनं कापल्यासारखा सपाट.
नदीच्या या अंगाला जी लाल रेघ
तीच त्या अंगाला, त्याच उंचीवर.
मधलं सगळं मांजरेनं नेलं,
कणाकणानं, तेलंगणाच्या वाटेनं.
आम्ही ज्याला दरी म्हणतो
तो नेलेल्या डोंगराचा हिशेब आहे.

बेचाळीस फुटांवर
घणाचा आवाज बदलला.
दुर्गप्पा थांबला. पुन्हा मारला, हळू,
दार वाजवावं तसा.
खपली निघाली आणि मुठीएवढं बीळ उघडलं.
साडेसहा कोटी वर्षांच्या अंधारात
पहिला उजेड शिरला
दुर्गप्पाच्या मोबाईलचा,
बॅटरी अकरा टक्के.

आत स्फटिक. पाण्यासारखे,
काही किंचित हिरवे,
एकमेकांना टेकून उभे.
कुणीच बोललं नाही.
वरून त्याची रेणी ओरडली, काय घावलं?
पाणी लागलं का?

"न्हाई गं," तो म्हणाला,
"दगडाला दात आल्यात."

संध्याकाळी सुरुंग होता.
त्यानं ओला चिखल मळला
आणि बीळ लिंपून टाकलं, अंगठ्यानं कडा दाबत,
बाळाच्या टाळूवर तेल थापावं तसं.
वाचणार नव्हतंच ते.
त्याला ठाऊक होतं, मलाही.

मी लिहिलं: बेचाळीस फूट. कोरडी.
कागद धरायला त्याच्याकडे दिला होता,
शेऱ्याच्या जागी गेरूचा अंगठा उठला.
तसाच पाठवला.

आठवड्यानं ऑफिसातून परत आला:
प्रत अस्वच्छ. नवीन सादर करावी.