बार : नाम, एकवचन

बेतीच्या फेरीधक्क्यापासून वर, तिसऱ्या वळणावर
माझी शिकवणी. खाली दारूचं दुकान.
त्याच्या पाटीतला ‘बार’ एवढाच शब्द पेटतो,
बाकीची अक्षरं गेल्या चतुर्थीपासून मेलेली.
त्या लाल उजेडात मी इंग्रजी शिकवते.

सगूण फातर्पेकर, वय बावन्न,
पंचवीस वर्षं बार्जवर सारंग.
खाणी बंद पडल्या, बार्ज रायबंदरच्या चिखलात गंजत राहिली.
आता तो कळंगुटला एका हॉटेलात
काउंटरमागे उभा असतो,
आणि गिऱ्हाईक काहीही बोललं की ‘येस सर’ म्हणतो.
एकदा ते ‘येस’ फार महागात पडलं.
म्हणून माझ्याकडे आला.

मी म्हटलं, शब्द एकटा पाठ करू नका.
शब्दालाही सोयरीक असते,
त्याच्या आधी कोण येतं, मागून कोण येतं, ते बघा.
साबणाचा बार, चॉकलेटचा बार.
हे खिडकीचे गज, हेही बार,
आणि तसल्या गजांमागे बसवलेला माणूस ‘बिहाइंड बार्स’.
त्याला सोडवणारा वकील, तोही बारचाच.
सगूण हसला :
म्हणजे आत जाणारा, बाहेर काढणारा,
आणि सुटल्यावर दोघं जिथे पिणार ती जागा,
सगळं एकच?
मी म्हटलं, स्पेलिंग एकच.

मग तळहातावर चुना मळत त्याने स्वतःची भर घातली.
तंबाखूचा बार.
लेकीच्या लग्नाचा बार, सोसायटीचं कर्ज काढून उडवलेला.
दिवाळीतला फुसका बार.
आणि बारदेस, टीचर, आपण बसलोय तो.
मी म्हटलं, हे इंग्रजी नव्हे.
‘तोंडात आल्यावर कुठे कळतं,’ म्हणाला, आणि बार भरला.

घरचा अभ्यास : पाच वाक्यं.

वही म्हणजे बार्जचं जुनं लॉगबुक,
पानावर भरती, ओहोटी, टनेज असे छापील रकाने,
रकान्यांच्या वरून तिरकं गेलेलं त्याचं अक्षर.
चार वाक्यं बरोबर होती.
पाचवं :
माय ब्रदर इज इन द बार.
मी तांबड्या पेनाने ‘इन’ खोडून ‘ऍट’ केलं.
मग वाटलं, आत टेबलावर बसला असेल तर ‘इन’ही चालेल,
म्हणून ‘ऍट’ खोडलं,
आणि समासात विचारलं : कुठला बार?

बुधवारी तो खुर्चीत बसला नाही.
खिडकीशी गेला, गजांतून हात बाहेर काढून
आग्वादच्या दिशेने बोट धरलं.
तिथे मांडवी संपते आणि दर्या अजून लागत नाही,
तिथे पाण्याखाली रेतीची एक आडवी पाठ आहे.
नकाशावर तिलाही बार म्हणतात.
पावसाळ्यात तिच्यावर लाट उभी फुटते.
मासेमारीची बंदी उठली, त्याच्या दुसऱ्याच पहाटे
मालीमच्या धक्क्यावरून शांबाने ट्रॉलर काढला.
ट्रॉलर मिळाला. तिघे खलाशी मिळाले.
एकाची चप्पलसुद्धा मिळाली.

‘रेंव एके सुवातेर रावना, टीचर.’
दर वर्षी ती थोडी सरकते,
कधी काब्याकडे, कधी वेऱ्याकडे,
आणि तिच्याबरोबर तोही सरकत असणार.
‘म्हणून इन लिहिलं.
ऍट लिहायला जागा ठाऊक लागते.’

माझ्या शब्दकोशात बारचे सतरा अर्थ आहेत.
रेतीचा सातवा, अर्ध्या ओळीचा.
मी वही ओढली, खोडलेल्या ‘इन’वर पुन्हा ‘इन’ लिहिलं,
पण खाली माझं तांबडं दिसत होतं,
सगळ्या अक्षरांच्या खाली.

फेरीचा भोंगा झाला.
सगूणने वही पिशवीत घातली, दारात थांबला.
उद्या ‘टॅब’ शिकवा, म्हणाला.
गिऱ्हाइकं म्हणतात टॅब उघडा,
मी उघडतो,
आणि कुणीतरी पैसे न देताच निघून जातं.