सहापैकी दोन

पहिल्या दिवशी बिजॉय सरांनी फळ्यावर सहा कामं लिहिली.
अंघोळ, कपडे, जेवण, संडास,
खाटेवरून खुर्चीत,
आणि सहावं, जरा थांबून, हळू आवाजात:
वेळेवर कळणं, रोखून धरणं.
यातली दोन जमेनाशी झाली
की पॉलिसी जागी होते, म्हणाले.
जागी होते. हाच शब्द.
मी वहीत अधोरेखित केला.

नऊ वर्षं हायपरमार्केटच्या काउंटरवर
बारकोडची टिट्‌टिट् ऐकलेला माणूस मी.
आता टाय कंपनीचा, व्हिसा कंपनीचा,
आणि विकायचं तेही फक्त याच कंपनीचं;
पलीकडच्या इमारतीत स्वस्त मिळत असेल
तरी तोंडातून काढायचं नाही.
आईला फोनवर सांगितलं, दावणीचा एजंट झालोय.
म्हणाली, वैरण तरी वेळेवर टाकतात ना?
तीन महिने टाकणार आहेत. पुढे
जेवढं विकेन तेवढं चरेन.

ओळखीच्या शंभर जणांची यादी करा, सर म्हणाले.
माझी एकतीसवर अडली.
त्यातल्या चौघांनी माझे पैसे बुडवलेत,
दोघांचे मी.

रुवीत दुपारी चारला
डोंगरसुद्धा सावली आत ओढून बसतात.
टाय खिशात, फाइल डोक्यावर,
तिसऱ्या मजल्यावर परकार राहतात. गाव खेड,
सत्तावीस वर्षं एसीच्या मशिनी दुरुस्त करत,
सहा खाटांच्या खोलीत दाराजवळची खाट.
पंखा चालू होता. एसी बंद.

मी घसा साफ करून फॉर्म वाचला:
अंघोळ स्वतःची स्वतः करता का?
परकार हसले. टाकीतनं उकळतं पाणी येतं रे,
माझ्याऐवजी दुसरा कोण करणार असेल तर लिही.

मग चष्मा लावून म्हणाले,
साठीला हे मला परत धाडणार.
खाटेवर पडणार मी ते खेडात.
तिथे येते का तुझी कंपनी?

अकराव्या पानावर होतं.
बारीक अक्षरात, पण होतं.
कपावर हात आडवा ठेवून
चहा पुरे म्हणतात,
तसा माझा हात त्या पानावर गेला
आणि तिथंच राहिला.

कधी ध्यानातच आलं नव्हतं:
या शहरात आपल्यातलं कुणी म्हातारं दिसत नाही.
मेडिकलच्या आदल्या रात्री
लोक केसांना काळं लावतात,
आणि म्हातारपण कार्गोच्या खोक्यांतून
ब्लँकेट, टॉर्च, दूध पावडरीबरोबर
आधीच गावी पोचतं.
मला तेच विकायला पाठवलंय,
जे इथे व्हायला परवानगी नाही.

एवढ्यात शाहजहान ड्युटीला निघाला,
मचाणावरून पडलेला, उजवा हात प्लास्टरमध्ये,
आता गेटवर बसवलाय त्याला.
माझ्याशी हप्त्यावरून हुज्जत घालता घालता
परकारांनी त्याच्याकडे न बघता
त्याच्या शर्टाची बटणं लावली,
उरलेल्या पराठ्याचा तुकडा डाळीत बुडवून
तोंडात भरवला, पाठीवर थाप मारली. चल.
आणि मला, हां, तू बोल, काय म्हणत होतास?

कपडे, मी मनात मोजलं. जेवण.
दोन.

सही झाली नाही.
उतरताना परकारांनी दोन संत्री हातावर ठेवली,
म्हणाले, टाय नीट बांध, चांगला दिसतोस.

रात्री ऑफिसच्या फळ्यावर
माझ्या नावापुढे सरांनी शून्य काढलं,
छान गोल, कंपासनं काढल्यासारखं.

मी आईला फोन लावला.
विचारलं, अण्णा अंघोळ स्वतः करतात का?
इकडचं तिकडचं काहीच ऐकू येईना.
मग म्हणाली, का रे?
मला पण विकणार आहेस का काही?
नाही, म्हटलं. नुसतंच.
मग बराच वेळ आम्ही
नारळाच्या भावाबद्दल बोललो.

झोपण्याआधी बादली भरून ठेवली,
सकाळपर्यंत निवेल म्हणून.