पुढचा प्रश्न

शंभर अर्जांतले चार घेतात म्हणे.
आमच्या शाळेच्या शेवटच्या वर्गात मुलं एकतीस,
म्हणजे हिशेबाने सव्वा मूल.
आइला म्हणाली, बाबा, हिशेब असा नसतो.

मी जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढतो. सव्वीस हिवाळे.
पहाटे तीनला निघायचं, डांबर दिसेपर्यंत सारत जायचं
आणि परतताना बघायचं,
सुरुवात केली तिथे पुन्हा घोटाभर साचलाय.
तेव्हा वाट पाहणं म्हणजे काय
हे मला कुणी शिकवू नये, असं वाटायचं.

जानेवारीत डेलेनीला फोन आला,
तिची मुलाखत मार्क्वेटला, एका वकिलीणबाईंच्या कचेरीत.
सायरस ट्रेझोनाची घरीच, पडद्यावर.
त्याच्या आईने मागच्या भिंतीवरचं हरणाचं डोकं उतरवलं,
खिळा तेवढा दिसत राहिला.

आमच्याकडे काहीच नाही.
आइला फोन उपडा ठेवून जेवायला बसायची,
मग सुलटा करायची,
मग पुन्हा उपडा.
तिची आई रात्रपाळीला निघताना दारातून भुवया उंचावायची,
मी मान हलवायचो.
त्या महिन्यात घरात एवढीच भाषा उरली होती.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला आलं. चार ओळी.
आपल्या परिसरात मुलाखत घेऊ शकेल असा
आमचा एकही माजी विद्यार्थी राहत नाही.
याचा आपल्या अर्जावर कोणताही परिणाम होणार नाही.
तिने मोठ्याने वाचलं, "परिसरात"पाशी जरा अडखळून.
खरंच होतं ते.
इथून तिकडे कुणी गेलेलं नाही,
गेलं असेल तर परत आलेलं नाही.

त्या रात्री अकरा इंच पडला.
पावणेतीनला ती बूट घालून दारात.
झोप येत नाही म्हणाली.
ट्रकमध्ये घरच्यांना बसवायचं नाही, असा नियम आहे.
मी पलीकडचं दार उघडलं.

तांब्याच्या बंद खाणीच्या मनोऱ्यापाशी
पातं खाली सोडलं, घसा खाकरला:
"तर मिस कोस्केला,
आमच्याच संस्थेत का यावंसं वाटलं आपल्याला?"
ती हसली. मग हसायची थांबली.
आणि बोलतच राहिली,
सरोवर गोठताना बर्फाच्या पोटातून येणाऱ्या आवाजाबद्दल,
तो किती लांबून आला ते कसं मोजतात त्याबद्दल,
मासे धरायच्या भोकातून दोन हिवाळे तिने
फुग्यात गुंडाळून मायक्रोफोन सोडला होता त्याबद्दल.
(माझा मायक्रोफोन!
मी शेजारच्या ओराव्हावर आळ घेऊन बसलेलो.)
सतरा मैल ती बोलली.
माझा एक फाटा चुकला,
सव्वीस वर्षांत पहिला.

माझे प्रश्न संपले, तेव्हा मी तो विचारला
जो खरे मुलाखतवाले विचारत नसावेत.
"आणि नाही म्हणाले तर?"
वायपर गेला. वायपर आला.
ती काचेकडे बघत म्हणाली, "पुढचा प्रश्न."

मार्चअखेरचा गुरुवार, संध्याकाळी सात.
ती फोन घेऊन मागच्या सौनात जाऊन बसली.
तिथे सिग्नल सगळ्यात वाईट,
म्हणजे उशीर झाला तर दोष द्यायला कुणीतरी हवं.
मी खिडकीशी, नळाखाली कप धरून.
बऱ्याच वेळापासून तोच कप.
सात.
सात वाजून अकरा.
धुराड्यातून धूर निघाला: तिने शेगडी पेटवली होती!
मग बाहेर आली, फावडं उचललं,
सौनापासून घरापर्यंतची वाट उपसत निघाली,
जी मी दुपारीच उपसली होती.

दारात बूट आपटले.
"प्रतीक्षायादी," ती म्हणाली. "जूनपर्यंत."

"जूनमध्ये बर्फ नसतो,"
मी म्हणालो, दुसरं काही सुचेना म्हणून.

"माहितेय." तिने कोट खुंटीला लावला,
तो पडला, पुन्हा लावला.
"तुझा तो शेवटचा प्रश्न होता ना,
त्याचं उत्तर आता दिलं तर चालेल?"

मी नळ बंद केला.