अकरा सेकंद

कोर्टाच्या तळघरात माझं टेबल.
हेडफोन लावून ऐकते
वर कोण काय बोललं, आणि टंकते.
पुंता अरेनासचा वारा खिडकीच्या फटीतून
प्रत्येक खटल्यात तोंड घालतो.
त्याला अजून कुणी शपथ दिलेली नाही.

नियम साधे आहेत.
खोकला गाळावा. खुर्ची सरकल्याचा आवाज गाळावा.
साक्षीदार रडला तर लिहावं: अस्पष्ट.
एकोणीस वर्षांत इतक्यांदा लिहिलंय
की बोटं न विचारता तिकडे वळतात.

आज नोल्फा मान्सिया.
मुलगा सॅमनच्या पिंजऱ्यांखाली बुडी मारून
फाटकी जाळी शिवायचा.
ऑगस्टातल्या एका मंगळवारी वर आला नाही.
कंपनीने आकडा मान्य केलाय,
सह्यांपुरते सगळे जमलेत.

आणि मग बाईंचा आवाज, मायक्रोफोनपासून जरा लांब:
"मुद्देमालात सात नंबरला एक हातमोजा आहे.
डाव्या हाताचा.
तो मिळेल का मला?"

कागद चाळले जातात. गाळलं.
न्यायाधीश कलम सांगतात. बरोबरच सांगतात.

बाईंची वकील इस्मेनिया बारिया.
तिच्या ऑफिसात रुमालांचा डबा असतो,
पण ती तो कधी कुणापुढे सरकवत नाही.
सरकवला की त्याचा अर्थ होतो, आवरा आता,
असं एकदा जिन्यात म्हणाली होती मला.
आज ती उठते, आणि दाखला देत नाही, निवाडा देत नाही.
"अंगठ्यापाशी हिरव्या दोऱ्याची शिवण आहे," म्हणते.
"ती यांनी घातलेली आहे."

त्यापुढे अकरा सेकंद.
तीनदा मागे नेऊन ऐकले.
वारा. कुणाच्या तरी पेनाचं टोपण
उघड-मीट, उघड-मीट,
मग तेही नाही.
एक श्वास. कुणाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मग कंपनीचा वकील,
सकाळपासून दर वाक्याला "तथापि" जोडणारा माणूस.
"आमची हरकत नाही," म्हणतो.
आणि पुन्हा, खालच्या पट्टीत,
कोर्टाला नव्हे:
"हरकत नाही. न्या तुम्ही."

पुनरुक्ती गाळावी, असाही नियम आहे.
मी दोन्ही ठेवले.
दोन्हीकडे शब्द तेच, पण पहिला कायद्याने बोलायला शिकवलेला
आणि दुसरा
बहुधा त्याच्या आईने.

अकरा सेकंदांच्या जागेवर
बोटं सवयीने वळलीच होती.
थांबवली. लिहिलं:
शांतता. सर्वांची.
उद्या साहेब काट मारतील. मारू देत.

संध्याकाळी फाइलला जोडायला पावती खाली आली.
हातमोजा, नग एक, डावा.
नोल्फाबाईंची सही, थोडी रेघेबाहेर.
आणि "वस्तूची स्थिती" या रकान्यात
वरच्या कुठल्याशा कारकुनाने,
काहीतरी लिहायलाच हवं म्हणून,
लिहिलंय:
कोरडा.