सहाव्या रिळातला पोरगा

कॅम्पातल्या टॉकीजला मी ऑपरेटर होतो तेव्हाचं हे.
रविवारी सकाळी दहाला इंग्रजी शो,
मराठा सेंटरातली पोरं रांगेनं यायची,
कानावर भादरलेली, अंगाला ब्रासोचा वास.
त्या आठवड्यात व्हिएतनाम लागलं होतं.
पोस्टरवरची अक्षरं कन्नड, शिव्या अमेरिकन,
शिट्ट्या मराठी.

लुमाण्णा मोदगेकर, कुद्रेमनीचा,
श्रीलंकेहून परतून सात महिने झालेले,
हातात बाल्कनीचं तिकीट, आणि उभा माझ्या खोलीत,
मशीनच्या बाजूच्या भोकातून बघत.
(अंधारात पाठीमागं माणूस बसलेलं त्याला चालत नव्हतं,
हे मला फार उशिरा कळलं.)

हेलिकॉप्टर आलं. खाली टाळ्या.
आत बसलेले दोघे गप्पा मारूलालेले.
लुमाण्णा म्हणाला, 'ह्यात बोललेलं ऐकू येतंय व्हय?
आम्ही हातवारे करत हुतो, मुक्यागत.'

जंगल पेटलं. व्हायोलिन सुरू झालं.
तो काही बोलला नाही,
फक्त स्पीकरकडं बघितलं,
लग्नात आगंतुक बघावा तसं.

मग गोळी लागलेला एक जण
आईचं, गावाचं, घराला दिलेल्या रंगाचं बोलत राहिला.
बराच वेळ. तेवढ्यात मी कार्बनची कांडी सरकवली,
विडी पेटवली, विझवली.
'बेकिनकेरेचा भावकू म्हणाला, माझा बूट कुठाय.
तेवडंच.
पायाचं इचारलं न्हाई.'

'ह्यास्नी शत्रू तरी दिसूलालाय.
आमास्नी ताडाची झाडं दिसली. वरीसभर.
ताडाची झाडं, आणि एकदा एक सायकल.
जास्त करून काय केलं म्हणशील तर बसलो,
जुलाब आवरत.
त्याचा पिक्चर काढला तर तिकीट कोण घेईल रे?'

सहाव्या रिळात पूल उडतो.
त्याच्या जरा आधी सगळे उजवीकडं पळतात,
आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, धुरकट,
एक पोरगा थांबतो.
एक्स्ट्राच असणार, रोजंदारीवरचा,
कॅमेरा आपल्यावर नाही हे माहीत असलेला.
पाण्याची बाटली कानाशी धरतो
आणि हलवून बघतो.
दीड सेकंद.

लुमाण्णाचं कपाळ काचेवर आपटलं.
'हे.
हे खरं हाय.
हे ह्याला कुणी सांगितलं?'

आठवडाभर, दिवसाला तीन खेळ,
मी तो कोपरा बघितला. पूल किती वेळा उडाला ठाऊक नाही.
शनिवारी रात्री पट्टी नेमकी तिथंच तुटली.
खाली बोंबाबोंब. मी कडा खरवडल्या, सिमेंट लावलं,
जोडली, चालू केली.
अकरा चौकटी टेबलावर उरल्या.
डब्यात घालून परत धाडायच्या असतात.
मी शर्टाच्या खिशात घातल्या.

कुद्रेमनीला गेलो तेव्हा नवरात्र होऊन गेलं होतं,
रताळी काढायचं काम चाललेलं.
बायको खोऱ्यानं काढत होती.
तो बोटांनी.
आधी भोवतीची माती चाचपायचा,
मग हळू आत, मग थांबायचा,
मग एकेक बाहेर.
बायको म्हणाली, 'असं केल्यावर दिवाळीपतोर तरी हुईल काय ओ हे?'
सवयीनं म्हणाली, चिडून नव्हे.

मी पट्टी दिली.
त्यानं हात धोतराला पुसले, उठला,
उन्हाकडं तोंड करून ती डोळ्यांसमोर धरली.
नखाएवढी चित्रं, अकरा,
अकराही ठिकाणी बाटली कानाशीच.
बराच वेळ बघत राहिला.
हद्दीच्या दगडापलीकडं, महाराष्ट्रात,
कुणाचा तरी पंप सुरू झाला आणि बंद पडला.

'ह्याला म्होरं पाणी घावलं काय?'
असं विचारलं त्यानं, मला,
ज्यानं तो पिक्चर एकवीस वेळा दाखवला होता.

सातव्या रिळात तो पोरगा नव्हता.
आठव्यातही.
मी म्हणालो, घावलं.

लुमाण्णानं माझ्याकडं बघितलं,
मगाशी मातीकडं बघत होता तसं,
आणि पट्टी परत दिली.