सापडल्यास कृपया

चाळीस वर्षं मी मिकुलोव्हमध्ये लोकांचे दात कोरले.
आता विमानं दुरुस्त करतो.
हत्यारं तीच, बारीक दांडीचा आरसाही तोच,
फक्त समोरचं कण्हत नाही.

हे आलं सीमेपलीकडून,
हर्मीना त्स्वेटलरबाईंच्या गाडीत, मागच्या सीटवर,
पट्टा लावून, अंगावर बाळाची दुलई.
वाइनच्या तळघरात वाशाला टांगलेलं होतं, म्हणाल्या,
बासष्ट वर्षं.
वडिलांना मळ्यात सापडलं, वेलींच्या तारेत अडकलेलं.

पंख दीड मीटर. कागद तपकिरी,
कांद्याच्या सालीसारखा,
बोट लावलं की पापुद्रा सुटतो.
बाल्सा नाही यात. तेव्हा आमच्याकडे बाल्सा कुठला?
पाइनच्या पट्ट्या, सिगारच्या खोक्याचं प्लायवुड,
नाकात शिशाचा गोळा, मासेमारीच्या गळाचा.

आधी मऊ ब्रश. मग वाफ.
किटलीच्या तोंडाशी वाकडा पंख धरायचा
आणि पिळाच्या उलट दाबायचं, अगदी हलकं.
घाई केली की मोडतं.
हे मला दातांनी शिकवलं, लाकडाने फक्त री ओढली.

डाव्या पंखात तिसरी फासळी वेगळी निघाली.
वाळुंजाची काडी, सालीसकट,
वेली बांधायला वापरतात ती,
सुतळीने आवळलेली, गाठ अशी की सुतार हसेल.
‘बाबांनी बसवली,’ बाई म्हणाल्या,
‘त्यांना मोडकं टांगवेना.’
नियमाने ती काढायला हवी. चार ग्रॅम जास्त भरते.
चिमटा उचलला. खाली ठेवला.
उजव्या टोकाला चार ग्रॅम शिसं चिकटवलं.

पोटाच्या झडपेखाली चिठ्ठी.
शाळकरी अक्षर, जांभळी शाई:
‘सापडल्यास कृपया राडोव्हान श्तिका,
नदीची गल्ली, घर अकरा, इथे कळवा.
बक्षीस तीन क्राउन.’

‘का नाही कळवलं?’
बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.
‘मध्ये तार होती. साधी नव्हे, विजेची.
बाबा म्हणायचे, इकडून पत्र गेलं
तर ते पोराच्या आधी चौकीत वाचतील.’

घर अकरामध्ये आता टायरचं दुकान.
मालकाने पुतणीचा नंबर दिला, पुतणीने त्याचा.
शहात्तर वय. बोलताना दम लागतो.
ब्र्नोमध्ये ट्रॉलीबस चालवायचा, ठरल्या तारांखालून.
मी सगळं सांगत सुटलो: मळा, तळघर, वाळुंज,
नवा कागद कुठला, लाखेचे हात किती.
तो मध्येच म्हणाला,
‘शेपटाशी वात असेल बघा.’

असते. बोटभर, सुती.
पेटवून विमान सोडायचं.
जळत जळत ती दोऱ्यापाशी पोचते,
दोरा तुटतो, शेपूट ताठ उभं राहतं
आणि विमान, कितीही वर असो,
जिना उतरावा तसं खाली येतं.
नाही पेटवली, तर तापलेली हवा
नेईल तिथे नेते.

दिवा वाकवला. आरसा धरला.
कीड शोधावी तसा शोधला
काळा ठिपका, जळकी कड, धुराचा डाग.
‘कोरी आहे,’ म्हटलं. ‘पांढरी.’

पलीकडे श्वास. लांब.
वाटलं, धीर द्यावा:
लहान होतात, वारा असेल,
काडेपेटी दमट असेल.
पेशंटला सांगतो तसं काहीतरी.

‘हां,’ तो म्हणाला.
‘मग मला नीट आठवतंय.’

टेबलावर नवी वात मी कापून ठेवली होती, मापाने.
ती परत डबीत टाकली.